अकरावा नग

भेरीचा कोंड, दिवेआगरच्या वर
६ डिसेंबर २०२४

श्रीमती सोनूबाई घरत यांस,

मी दादू शिगवण. तुमच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी जिच्याशी लग्न केलं, त्या पूनमचा बाप. लग्नाला मी नव्हतो, त्यामुळे तुम्हाला विहीणबाई म्हणायचा हक्क मला नाही आणि हौसही नाही. नमस्कार तेवढा समजून घ्यावा.

काम एकच आहे. माझ्या घरचे अकरा नग तुमच्याकडे आहेत, ते परत हवेत.

तुम्हाला ती खेळणी वाटत असतील. ती खेळणी नव्हेत. रेवदंड्याला गलबतं बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्या माझ्या पणजोबांनी अस्सल शिसवात केलेला तो संसार आहे. पलंग, आरामखुर्ची, दोन साध्या खुर्च्या, मेज, फडताळ, पेटारा, देव्हारा, चौरंग, झोपाळा आणि पाळणा. पलंग वीतभर, बाकीचं त्या मापाने. एकाही नगात खिळा नाही की सरस नाही. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवलंय आणि सव्वाशे वर्षं ते तसंच बसून आहे. फडताळाचे खण उघडतात. झोपाळ्याच्या कड्या पितळेच्या, मोहरीएवढ्या. मी मुंबईत चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात हात काळे केले, पण त्यातली एक कडी मला करता आलेली नाही.

आमच्या भावकीत मुलीचं लग्न असलं की हा संच रुखवतात मांडतात. मुलीबरोबर तो सासरी जातो, आणि पाचव्या दिवशी ती माहेरी परतवणीला येते तेव्हा मांडीवर घेऊन येते. माझ्या आत्यांनी आणला, बहिणींनी आणला. माझ्या लग्नात तर तो आधी माझी बायको नीराबाई हिच्या माहेरी मांडायला गेला आणि तिच्याबरोबर आमच्या घरी परत आला. न विचारता नेणारी आणि परत न आणणारी एकच निघाली.

११ मेला माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं, आरोहीचं लग्न आहे. त्याआधी संच पोचला पाहिजे.

फोन करू नये. तुमच्या घरचे नंबर मी बंद करून टाकलेत. फोनवर माझा आवाज चढतो, आणि बाईमाणसाशी चढ्या आवाजात बोलायची आमच्यात रीत नाही. कागद बरा.

तोवर नग उन्हात ठेवू नयेत. पॉलिश मारू नये. महिन्यातून एकदा सुती फडक्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन पुसावेत. एकच थेंब.

दादू शिगवण


बेलखार, ता. उरण
१७ डिसेंबर २०२४

दादू व्याही,

तुम्ही नको म्हणालात तरी मी व्याहीच म्हणणार. नातं काही तुमच्या सहीने होत नाही. तुमचे पाय मी पाहिलेले नाहीत, पण नमस्कार त्यांनाच.

माझं अक्षर बघून कुणाकडून लिहून घेतलं असं समजू नका. तीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं भरली. मुलांची वजनं, उंची, कुणाला लस टोचली, कुणाची राहिली. त्यामुळे खरं ते लिहायची सवय आहे, आणि म्हणून आधी एक खरं सांगते.

पाचव्या दिवशी आम्ही तुमच्या दारात आलो होतो. मी, प्रज्योत आणि पूनम. पेटी पूनमच्या मांडीवर होती, उरणपासून तिने ती खाली ठेवली नाही. तुमच्या दाराला कुलूप. दोन तास ओट्यावर बसलो. शेजारच्या सखुबाईंनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "सकाली तर व्हते घरात. तुमी येनार ह्ये कलल्यावर गेले कुठंतरी." मग आम्ही परत फिरलो. चोरीचा माल घेऊन कुणी असं दारात बसत नाही.

नग सगळे नीट आहेत. पूनमच्या खोलीत भिंतीतल्या फळीवर मांडलेत. मी रंगाच्या बारक्या ब्रशने धूळ काढते. एकदा मी कौतुकाने मेजावर टाल्कम पावडर टाकली तर मला इतकं बोलणं ऐकून घ्यावं लागलं की विचारू नका.

आता दुसरं. तुमचं पत्र पूनमने वाचलं. त्यात तिच्याबद्दल चोरीखेरीज काही नव्हतं. वाचून तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आई, बाबांनी माजं इचारलं तर सगलं सांगा. न्हाय इचारलं तर एक अक्षर लिवायचं न्हाय. प्रज्योतच्या गल्याची शपथ."

माझा मुलगा बंदरावरून चाळीस फुटी ट्रेलर घेऊन पुण्यापर्यंत जातो. त्याच्या गळ्याची शपथ मोडायची माझी छाती नाही. तेव्हा एवढं कळवण्याची परवानगी तिच्याकडून मागून घेतली आणि इथे थांबते.

तुम्ही विचारा. एक ओळ पुरे.

सोनूबाई


भेरीचा कोंड
२९ डिसेंबर २०२४

सोनूबाई,

तुमचं पत्र मिळालं. मी लाकडाचं विचारलं, तुम्ही भलतंच सांगितलं.

त्या दिवशी मी हरिहरेश्वरला गेलो होतो. गेलेल्या नीराबाईचं काही क्रियाकर्म राहिलं होतं ते करायला. आमच्या सखुबाईला शेजाऱ्याच्या घरात किती पाहुणे आले नि किती परत गेले, एवढाच उद्योग. तिचं बोलणं मनावर घेऊ नये.

शपथा-बिपथा तुमच्या घरात ठेवा. ज्या मुलीने बापाला विचारलं नाही, तिच्याबद्दल बापाने विचारायचं, हा कुठला न्याय? मी घरात नसताना तिने पेटी नेली आणि लग्न करते असं मला फोनवर सांगितलं. फोनवर. आगरी मुलगा आहे याचं मला काही नव्हतं, लोकांनी काहीही उठवलं तरी. पण समोर बसून बोलली असती तर मी काय कुऱ्हाड घेऊन उठलो असतो?

आता मी विचारतो त्याची उत्तरं द्यावीत.

फडताळाचा सगळ्यात खालचा खण डावीकडून अडकतो, अजून अडकतो का? जोर लावू नये. आरामखुर्चीचं वेत सैल पडलंय का? देव्हाऱ्याचा कळस काढता येतो, तो हरवला तर नाही? पाळण्याचे चारही पाय जमिनीला टेकतात का, की डुगडुगतो? पाळणा सगळ्यांत नाजूक आहे. त्याच्या पायाचं, खाचेत बसणारं कुसू काडीएवढं आहे. त्याला फार जपावं लागतं.

२०२० च्या वादळात आमच्या घरावरचे पत्रे उडाले. नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या, दिवेआगरात माणसं रडत होती. आमच्या घरात सगळं भिजलं, हे अकरा नग भिजले नाहीत. पेटीवर चटई होती, चटईवर ती पालथी झोपली होती. सकाळपर्यंत उठली नाही. मी ओरडलो तरी उठली नाही.

असो. विषय तो नाही. उत्तरं खणाची आणि पाळण्याची द्यावीत.

दादू शिगवण


बेलखार
१६ जानेवारी २०२५

दादू व्याही,

तिळगूळ घ्या. गोड बोला असं तुम्हाला सांगणं म्हणजे खडकावर भात पेरणं, तरी रीत म्हणून सांगते.

खण आता अडकत नाही. वेत घट्ट आहे. कळस आहे, मी मोजूनच ठेवलाय. पाळण्याचं नंतर लिहीन.

उत्तराला उशीर झाला, कारण आम्ही घरात नसतोच. आठवड्यातून दोनदा मुंबईला जावं लागतं, कधी चार-चार दिवस तिथेच. प्रज्योतने डिसेंबरअखेरपासून गाडी भाड्याने दुसऱ्याला चालवायला दिली आहे. घरात एका माणसापाशी दिवसरात्र कुणीतरी लागतं. अंगणवाडीत मी पन्नास पोरं सांभाळली, पण इतकी दमले नव्हते. भात बेताचाच शिजवते, तोही उरतो.

हे मी माझ्या वेळापत्रकाबद्दल लिहिलं आहे. यात शपथ कुठे मोडली नाही. मी दोनदा वाचून पाहिलं.

संच इथून पाठवण्यापेक्षा तुम्हीच या ना. दिघीहून आगरदांड्याला उतरा, मुरूडची एसटी, तिथून अलिबाग, मग रेवसहून करंजाची लाँच. दोनदा पाणी ओलांडायचं, बस. प्रज्योत धक्क्यावर येईल. तुमच्या हातांनी नग पेटीत भरा, तुमच्याशिवाय ते कुणाला नीट भरता येतील? जेवायला जिताड्याचं कालवण करीन. नको असेल तर बोलू नका माझ्याशी. नगांपाशी बसा.

पण या. मार्चच्या आत या.

सोनूबाई


भेरीचा कोंड
३० जानेवारी २०२५

सोनूबाई,

मी येणार नाही. माझे गुडघे एसटीच्या पायरीला घाबरतात, आणि ज्या घरात मला बोलावून लग्न झालं नाही, तिथे लाकडं न्यायला जाणं मला शोभत नाही.

तुमच्या पत्रावरून दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे तुम्ही पाळण्याचं उत्तर टाळलंत. दुसरी, मुंबईच्या फेऱ्या वाढल्यात. मागच्या महिन्यात अलिबागचा एक जुन्या सामानाचा व्यापारी कोंडात येऊन गेला. अशा बारक्या शिसवी सामानाला बंगलेवाले वेडे झालेत म्हणत होता. मी म्हाताराबितारा असेन, पण दोन अधिक दोन मला अजून करता येतात. पाळणा विकला असेल तर तसं सांगावं. मी शिव्या देईन आणि गप्प बसेन. पण खोटं सांगू नये.

घरात कुणी आजारी आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. तुमच्या सासूबाई असाव्यात. म्हातारं माणूस म्हणजे घराला बांधून टाकतं, मला ठाऊक आहे, माझ्या आईचं मी केलंय. त्यांना बरं वाटो. सुंठ आणि जुना गूळ द्यावा, भूक लागते.

खण अडकत नाही म्हणता. साठ वर्षं अडकतोय. कुणी रंधा मारला की काय त्याला?

दादू शिगवण


बेलखार
१२ फेब्रुवारी २०२५

दादू व्याही,

माझ्या सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

खणाला कुणी रंधा मारलेला नाही.

रविवारी, २३ तारखेला, प्रज्योत पेटी घेऊन तुमच्याकडे येतो आहे. त्यात दहा नग आहेत. तुम्ही लाकडाचंच विचारता, तर लाकूड घ्या. पण तो दारात उभा राहील तेव्हा त्याच्याकडे नीट बघा, आणि तोंडातून एक वाक्य काढा. त्यालाही तिने बांधून ठेवलंय. तुम्ही विचारल्याशिवाय तो बोलणार नाही, तेवढा तो तिचं ऐकतो.

मी देवाला आजवर स्वतःसाठी काही मागितलं नाही. हे मागते आहे.

सोनूबाई


भेरीचा कोंड
३ मार्च २०२५

सोनूबाई,

तुमचा मुलगा आला होता. दहा नग मिळाले. पावती म्हणून हे लिहीत आहे.

त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. नवस असेल नाहीतर हल्लीची फॅशन, मी काही म्हणालो नाही. उंच आहे, वाकून आत आला. नमस्कार करायला खाली वाकला तेव्हा मी पाय मागे घेतले. ते मला नंतर बरं वाटलं नाही, म्हणून लिहिलं.

मी ओट्यावर धोतर पसरून एकेक नग तपासला. तासभर तरी लागला असेल. तो खांबाला टेकून उभाच. सगळे नग ठाकठीक निघाले. माझ्याकडे होते त्याहून बरे निघाले, हे मला कबूल करावं लागतं. खालच्या खणाला कुणीतरी आतून मेण घासलंय. बाहेर एक कण दिसत नाही, नुसतं बोट लावलं की सरकतो. हे काम माहीतगार हाताचं आहे. मी कारखान्यात पोरांना शिकवायचो, मेण गरम करायचं नाही, अंगठ्याच्या उबेने जिरवायचं. तसंच जिरवलंय. कुणी केलं हे?

मग मी म्हणालो, "पालना कुठाय?"

तो म्हणाला, "तिच्यापाशी आहे. तिला ठेवायचाय थोडे दिवस."

मी म्हणालो, "ठेवून झाला की आणा."

त्यानंतरही तो बराच वेळ उभा होता. मला वाटलं काही मागायला आलाय आणि जीभ उचलत नाही. मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा तो खाली रस्त्याला लागला होता. मी त्याला पाणी विचारलं नाही. भर दुपारी आला होता. सखुबाईने मला संध्याकाळी त्यावरून चार शब्द ऐकवले आणि या वेळी मला तिला उलट बोलता आलं नाही.

पाळणा ११ मेच्या आत द्यावा. दहा नग मांडले की मधली जागा रिकामी दिसते.

खाली एक ओळ लिहून खोडली आहे. तिकडे लक्ष देऊ नये.

दादू शिगवण


बेलखार
१९ मार्च २०२५

दादू व्याही,

ती ओळ मी उन्हात धरली. काचेवर ठेवून खालून बॅटरी लावली. सुताराच्या पेन्सिलीने खोडलंय तुम्ही, कागद फाटायचा राहिला. सुरुवातीचा 'पू' तेवढा लागला. शेवटी प्रश्नचिन्ह असावं असं मला वाटलं, पण तो नुसता डागही असेल.

खोडलेला प्रश्न हा प्रश्न धरायचा की नाही, हे मला कुणी सांगणारं नव्हतं. तीस वर्षं सरकारी कागदांवर मी एक शिकले, खोडलेलं धरत नाहीत. शेवटी मी तुमचं पत्र जिच्यासाठी होतं तिलाच नेऊन दाखवलं. ती काय म्हणाली ते लिहिता येत नाही. पत्र तिने ठेवून घेतलं, एवढं लिहिलं तर देव मला माफ करील.

मेण कुणी जिरवलं याचं उत्तरही देता येत नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

पाळणा तिला हवा आहे. दिवसभर तो तिच्या हातात असतो. अजून थोडे दिवस तुमच्या आरोहीला तिष्ठत राहू द्या.

व्याही, ती ओळ पुन्हा लिहा. न खोडता लिहा. पोस्टाने पाठवू नका, कुणाच्या तरी फोनवरून बोला, नाहीतर तो बंद केलेला नंबर उघडा. सोनूबाई घरत तुमच्या पाया पडते असं समजा.

सोनूबाई


भेरीचा कोंड
८ एप्रिल २०२५

विहीणबाई,

बघा, म्हणालो शेवटी.

तुमच्या मागच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते मला आधी कळलंच नाही. मी आहे लाकडाचा माणूस, ठोकल्याशिवाय आवाज येत नाही. पाळणा परत मिळत नाही म्हणून मी रागाने नवा करायला बसलो होतो. शिसवाचा तुकडा होता घरात. चार दिवस बसलो. हात थरथरतो, कुसू मोडतं. पाचव्या दिवशी सखुबाई आली नि म्हणाली, "दादूभाव, पोरगी पालना हातातून सोडत न्हाय म्हंजे काय, ह्ये तुमाला आजून कललं न्हाय?"

मी तिथेच पटाशी खाली ठेवली.

तुमची धावपळ, मुंबईच्या डॉक्टरांकडे फेऱ्या, घरात एका माणसापाशी कुणीतरी लागतं, भात उरतो. नीराबाईलाही पहिले पाच महिने अन्नाचा वास सहन होत नव्हता. आणि मी काय लिहीत बसलो, सासूबाईंना सुंठ द्या. तुम्ही मनात किती हसला असाल. मुलाचं डोकं पण नवसाचंच ना? मला आता सगळं लागतं.

पाळणा राहू द्या तिच्याकडे. आरोहीचं रुखवत दहा नगांत होईल. कुणी विचारलं तर सांगेन, अकरावा कामावर आहे.

आणि मी खरा पाळणा करायला घेतलाय, मापाचा. सागाचे दांडे निघालेत, मोठं काम हाताला अजून जमतं. ११ मेला लग्न झालं की १३ ला निघतो. दोनदा पाणी ओलांडून येतो. नंबरही उघडणार होतो, पण दोन वर्षांनी फोनवर पहिला शब्द काय बोलायचा ते सुचेना. लाजही वाटते. समोर आल्यावर आपसूक सुचेल. जावयाला सांगा, धक्क्यावर उभा राहा. त्याला आधी पाणी मी देईन.

आता ती ओळ. या वेळी पेनाने लिहितो, म्हणजे खोडता येणार नाही.

माझी पूनम कशी आहे?

दादू


बेलखार
१५ एप्रिल २०२५

दादू व्याही,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. आज पूनमचा सातवा दिवस.

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते आहे.

तिला रक्ताचा कॅन्सर होता. ऑक्टोबरात कळलं. मुंबईच्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. फेब्रुवारीत त्यांनीच सांगितलं की आता घरी ठेवा. तिचे केस गेले तेव्हा प्रज्योतने आपलेही काढले. बाळ नव्हतं, व्याही. कधीच नव्हतं. तुमचं पत्र वाचताना ते लाडाचं वाक्य आलं, अकरावा कामावर आहे, तिथे मी कागद खाली ठेवला आणि अंगणात जाऊन आले.

पाळण्याचं खरं ऐका. तुमच्या बंद दारावरून परतताना रेवसच्या गर्दीत पेटी आपटली आणि पाळण्याचा एक पाय निघाला. आतलं कुसू मोडलं होतं. तिने तो दोन वर्षं तसाच लपवून ठेवला. बाकीचे नग तिने आजारपणात एकेक करून पुसले, खणाला मेण लावलं. पाळणा उरला. मी म्हटलं, "सरस लाव ना जरासा, कोन बघतंय?" ती म्हणाली, "बाबा बघत्यात. त्यांना उलटा धरल्यावर कलतं." रोज पांघरुणावर वर्तमानपत्र पसरून बांबूची काडी तासायची. औषधांनी हात कापायचे. तासलेली काडी मोडायची, की दुसरी. मोडका पाठवला असता तर तुम्ही चिडला असता, म्हणून तो तुम्हाला मिळाला नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

मार्चमध्ये तुमची खोडलेली ओळ तिला दाखवली तेव्हा तिने बराच वेळ बघितली. म्हणाली, "खोडलीय ना? मंग न्हाय इचारलं." आणि कागद उशीखाली ठेवला. चूक तुमची होती, तिचीही होती, आणि सगळ्यांत मोठी माझी. मी एका ट्रेलरवाल्या मुलाच्या गळ्याला घाबरले. रजिस्टरात नियमाप्रमाणे लिहीत राहिले. शपथ मोडली असती तर काय झालं असतं ते मला आता कधी कळायचं नाही.

बुधवारी, ९ तारखेला पहाटे ती गेली. प्रज्योतने तुम्हाला सात वेळा फोन लावला. तुमच्याकडचा दुसरा नंबर आमच्यापाशी नव्हता, तिने आपल्या फोनमधून माहेरचे सगळे कधीच काढून टाकले होते. दुपारपर्यंत थांबलो. मग न्यावं लागलं. प्रज्योतने चितेवर पाळणा आणि त्याचा सुटा पाय तिच्या हाताशी ठेवला. वस्तू तुमची होती, विचारायला हवं होतं.

आणखी एक आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी दुपारी ती शुद्धीवर होती. मला कळत होतं की फार वेळ नाही. मी विजेचं बिल हातात घेतलं आणि म्हटलं, तुझ्या बाबांचं पत्र आलंय, त्यांनी विचारलंय. तिने डोळे उघडले. म्हणाली, "वाचा." मी बिलावर बघत वाचलं, माझी पूनम कशी आहे?

ती हसली. माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, तुमाला खोटं बोलता येत न्हाय. बाबा 'माजी' न्हाय लिवायचे."

तुमच्या पत्रावरची तारीख मी पुन्हा पुन्हा बघते आहे. मंगळवारच आहे.

सोनूबाई


भेरीचा कोंड
२६ मे २०२५

विहीणबाई,

आरोहीचं लग्न झालं. मी गेलो नाही. रुखवतासाठी नग न्यायला आले होते, मी दिले नाहीत. मोडका संसार मुलीच्या लग्नात मांडत नाहीत. सागाचे दांडे भावाला नेऊन दिले, त्याला गोठ्याला हवे होते.

तुम्हाला दोष देत नाही. १३ तारखेला मी निघालो होतो. दिघीच्या धक्क्यावर बसलो आणि होडी गेली, नंतरचीही गेली. तिकडे जाऊन मी बघणार काय, हे मला कळेना. परत आलो.

नंबर उघडला आहे. फोन कुणाचा येत नाही, ते बरोबरच आहे.

आता शपथ उरली नसेल. मी विचारतो, तुम्ही जमेल तसं लिहा. दुखायचं का फार, आणि कुठे? पेज खाल्ली जायची का? केस गेल्यावर डोक्याला काय बांधायची? लहानपणी ती डाव्या कुशीवर झोपायची, तिकडेही तशीच झोपायची का? तुम्हाला आई म्हणायची, ते पहिल्या दिवसापासून की नंतर? बांबूच्या काड्या किती मोडल्या? त्यांतली एखादी घरात कुठे पडली आहे का? प्रज्योत जेवतो का? उशीखालचं ते पत्र तिच्याबरोबर गेलं की तुमच्याकडे आहे? ती माझ्याबद्दल रागाने बोलायची की बोलायचीच नाही?

एका पत्रात सगळं लिहू नका. दर पत्रात थोडं लिहा. उशीर झाला तरी चालेल, मला आता कुठल्याच तारखेच्या आत काही नको आहे.

दादू